रिलीव्हर येईपर्यंत

मितूच्या उष्टावणाची खीर गार होऊन घट्ट झाली, कारण बुद्धवंदना आटोपल्यावर नवनाथने भाषण केलं.

छोटंच होतं, असं तो नंतर म्हणाला. पुढच्या रविवारी कॉलनीतल्या समाजमंदिरात महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि प्रमुख वक्ता म्हणून त्याला बोलावलं होतं. विषय, नोकरी करणारी स्त्री. गेल्या वर्षी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून नवनाथ गांगुर्डेला घरात ऐकायला माणूस सापडत नव्हतं. आज नातीच्या निमित्ताने सगळं कुटुंब सतरंजीवर बसलेलं आणि कुणाला उठून जाता येत नव्हतं. मग त्याला कसं राहवणार? स्त्री स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हे त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं, तेवढ्यात खिरीवर साय आली.

अंजली मितूला मांडीवर घेऊन ऐकत होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं भाषण ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे तिला पाठ होतं. सहा महिन्यांची नात तोंडाचा चंबू करून आजोबांकडे बघत होती. घरात खरं लक्ष देऊन ऐकणारी तेवढी एकच.

खीर पुन्हा गरम केली, निववली, चांदीच्या चमच्याने पोरीच्या ओठाला लावली. पोरीने ती चाखली, विचार केला आणि अंजलीच्या नव्या साडीवर परत दिली. सगळे हसले. जेवणं झाली आणि मग इगतपुरीहून आलेली नणंद ज्योत्स्ना पान लावता लावता म्हणाली, "मग तेजल, उद्यापासून जाणार म्हणे तू कामाला."

तेजल, म्हणजे अंजलीची सून, ताटं गोळा करत होती. तिने ताटं खाली ठेवली.

"तेच ठरवायचंय आत्या. संध्याकाळपर्यंत कंपनीत फोन करायचाय."

विषय घरात महिनाभर घोंगावत होता, फक्त खाली बसत नव्हता. तेजल अंबडच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होती. बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या हाताखाली नऊ पोरं काम करायची. रजा संपत आली तशी कंपनीतल्या एचआर बाईंनी फोन करून विचारलं, आता लेकरू लहान आहे, तर तुम्ही रेकॉर्ड सेक्शनला बसता का? तिथे शिफ्ट नाही, धावपळ नाही. पगार थोडा कमी, आणि ती नऊ पोरं दुसऱ्याकडे. तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय, मॅडम. जुन्या जागेवर यायचं असेल तर मात्र सोमवारी सकाळी सातला हजर पाहिजे, आणि पुढे घरच्या अडचणी सांगायच्या नाहीत.

गंमत बघा. त्याच पोरीच्या जन्माचे पेढे आयुषने त्याच्या ऑफिसात वाटले, तेव्हा त्याचे साहेब म्हणाले होते, बाप झालास, आता जबाबदार माणूस झालास. आणि पुढच्याच महिन्यात त्याला बढती दिली, पगारवाढीसकट. पोरगी एकच. तिच्यामुळे बाप वर चढला आणि आई रेकॉर्ड सेक्शनला निघाली. यात काही विचित्र आहे असं आयुषला वाटलं नव्हतं. तो मनाने चांगला मुलगा होता, पण त्याला वाटायचंच कमी.

"जायलाच पाहिजे," नवनाथ म्हणाला. "आमचा कुणाचाही विरोध नाही."

"अजिबात नाही," आयुष म्हणाला.

"माझा तर पाठिंबा आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "फक्त पोरीकडं कोण बघणार, एवढंच."

एवढंच होतं ते. सगळे छताच्या पंख्याकडे बघू लागले.

"पाळणाघर आहे की कॉर्नरला," आयुष म्हणाला.

"ते नऊला उघडतं," तेजल म्हणाली. "माझी बस सहाला निघते. नऊला तू सोडशील का रोज?"

"मला फिरती असते गं. कधी मालेगाव, कधी धुळे."

"आणि पाळणाघरात कशाला?" ज्योत्स्ना म्हणाली. "घर भरलेलं असताना परक्या बाईच्या हातात लेकरू द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"मी बघते," अंजलीच्या सासूबाई म्हणाल्या.

शकुबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान झुंबरअप्पा. दिवाळीत त्या मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड बदलावं लागलं. आता त्या काठी घेऊन संडासापर्यंत जायच्या आणि परत येईस्तोवर घरातला प्रत्येक माणूस श्वास धरून उभा राहायचा. त्यांनी बघते म्हटल्यावर सगळ्यांची नजर काठीकडे गेली. त्यांनाही ते समजलं. त्या काठीच्या मुठीवरून हात फिरवत बसल्या.

"बाई तू राहू दे," ज्योत्स्ना आईला म्हणाली आणि मग तिने नजर हळूच अंजलीकडे वळवली. "वहिनी, तुझी किती राहिली गं नोकरी?"

आलं, अंजलीच्या मनात आलं. सकाळपासून ती याचीच वाट बघत होती.

"साडेतीन वर्षं."

"तीनच ना. मग आताच सोडलीस तर असं काय मोठं? पेन्शन मिळंल, ग्रॅच्युइटी मिळंल. आता तुझं नात खेळवायचं वय. गंगापूर रोडपर्यंत स्कूटर हाणत जायचं वय आहे का?"

"मम्मी, तू तशीही थकतेसच शाळेत," आयुष म्हणाला. तो हे मायेने म्हणाला आणि त्यामुळे ते अंजलीला जास्त लागलं.

आता हे सांगायला हवं. जूनमध्ये अंजली मुख्याध्यापिका होणार होती. व्हायला हवी होती बारा वर्षांपूर्वी. आयुष झाला तेव्हा तिची नोकरी चार वर्षांची होती. पोरगं सारखं दम्याने बेजार, सांभाळायला कुणी नाही, म्हणून तिने आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा घेतली, मग संस्थेने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. दोन वर्षांनी अंजली त्याच शाळेत नव्याने लागली, सर्वांत खालच्या पायरीवर. चार वर्षं पाण्यात गेली. जिला तिने पाठटाचण काढायला शिकवलं होतं, ती बाई पुढे तिची मुख्याध्यापिका झाली. बाई चांगली होती. दर शिक्षक दिनाला सगळ्यांसमोर अंजलीला म्हणायची, तुम्हीच माझ्या गुरू. अंजली हसायची आणि घरी येऊन भांडी जरा जोरात आदळायची. ती बाई आता मेअखेरीला निवृत्त होत होती. त्या खुर्चीत बसावं असं अंजलीला फार वाटत होतं. इतकं, की कुणाला सांगायलाही तिला लाज वाटायची.

"मी तर म्हणतो," नवनाथ घसा साफ करून म्हणाला, "निर्णय सर्वस्वी अंजलीचा आहे. आपण कुणीही तिच्यावर लादायचं नाही."

अंजलीने त्याच्याकडे पाहिलं. आयुषच्या वेळी, याच घरात, याच माणसाने हेच वाक्य म्हटलं होतं. त्या वेळी तिला वाटलं होतं, किती मोकळ्या मनाचा नवरा मिळाला आपल्याला. निर्णय सर्वस्वी तिचा होता, म्हणून दोषही सर्वस्वी तिचाच ठरला. पुढे कधी तिने विषय काढला की नवनाथ म्हणायचा, पण मी कुठे सोड म्हणालो होतो?

"मी विचार करते," ती म्हणाली.

"कर, कर," ज्योत्स्ना म्हणाली. "चारपर्यंत कर. माझी गाडी आहे."

तेजल ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. अंजली मितूला खांद्यावर टाकून तिच्या मागोमाग गेली.

तेजल नळ सोडून उभी होती. भांडी घासत नव्हती.

"आई, मी रेकॉर्ड सेक्शन घेते. सांगून टाकते त्यांना."

"घाई करू नकोस."

"घाई कसली? आता ऐकलं ना मी. मी सोडलं नाही तर तुम्ही सोडायचं. तुम्ही सोडलं नाही तर मी सोडायचं. तुमची खुर्ची मोडून मी माझ्या जागेवर बसू? मला जमणार नाही ते." तिने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. "आणि राग येतो मला. तुमचा नाही. कुणाचा ते कळत नाही."

अंजलीलाही कळत नव्हतं. सकाळपासून तिला सुनेचा थोडा रागच आलेला होता, ते तिला आता जाणवलं आणि वाईट वाटलं. पोरीने काय केलं होतं? नोकरी मागितली होती, तीही स्वतःचीच.

"घरात दिवसभर कोण असतं," तेजल म्हणाली, "हे कुणी नीट मोजलंच नाही. अप्पांना नीट ऐकू येत नाही. बाईंना उठता येत नाही. आणि..."

ती थांबली. अंजलीने तिच्या नजरेमागे नजर नेली.

स्वयंपाकघराच्या दारातून बैठकीची खोली दिसत होती. दिवाणावर तक्क्याला टेकून नवनाथ बसला होता. वय एकोणसाठ. साखर नाही, रक्तदाब नाही. रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकला पाच फेऱ्या मारायचा, आल्यावर दोन पेपर वाचायचा, अंजलीने झाकून ठेवलेलं जेवण अकराला जेवायचा आणि झोपून उठला की कुणी चहाला येतंय का बघत गॅलरीत उभा राहायचा. वर्षभर हा माणूस दिवसभर घरी होता. महिनाभर घरात एवढी चर्चा झाली, शेजारच्या बायकांची नावं निघाली, गावाकडच्या एका विधवा मावशीचं नाव निघालं, आणि या माणसाचं नाव कुणाच्या तोंडात आलं नव्हतं. अंजलीच्याही नाही. ती पर्यवेक्षिका होती. गैरहजर शिक्षकाच्या तासाला कोण मोकळं आहे हे ती फळ्याकडे न बघता सांगायची.

नवनाथ भाषणाचा कागद डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत होता.

"ते कसे बघतील?" तेजल कुजबुजली.

"डोळ्यांनी," अंजली म्हणाली.

पण सरळ विचारलं तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. नवनाथ नाही म्हणणार नव्हता. तो म्हणाला असता, जरूर, का नाही, आणि आठवडाभरात त्याची कंबर धरली असती, कॉलनीच्या समितीची बैठक निघाली असती आणि जूनच्या आत अंजली राजीनामा लिहीत बसली असती. निर्णय अर्थातच सर्वस्वी तिचा. याला तोंडाच्या शब्दापेक्षा जास्त काहीतरी पाहिजे होतं.

आणि ते या घरात होतं.

सासरे झुंबरअप्पा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात बॉयलरवर होते. तिथला नियम असा, की शिफ्ट संपली तरी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. येणाऱ्याने चार्ज घेतला म्हटलं की मगच जाणाऱ्याने डबा उचलायचा. अप्पांनी हा नियम घरी आणला. गॅसवर दूध ठेवून कुणाला उठायचं असलं की म्हणायचं, चार्ज देते. दुसऱ्याने म्हणायचं, घेतला. ज्याने घेतला म्हटलं तो बांधला गेला, मग दारात पाहुणे येवोत की देव. अंजली नवी नवरी आली तेव्हा तिला हसू आलं होतं. महिनाभरात ती स्वतः म्हणायला लागली. घराच्या हाडात गेलेली गोष्ट ती. एकदा गोदावरीला पूर आला, पूल बंद झाला, अप्पांचा रिलीव्हर पोचला नाही आणि अप्पा दीड दिवस पॅनलसमोर उभे राहिले. ही गोष्ट प्रत्येक कार्यक्रमात सांगितली जायची. आजही जेवताना झाली होती.

अंजली बाहेर आली. नवनाथ कागदावर पेन्सिलीने खूण करत होता.

"मी जरा साडी बदलून येते, खिरीने भरलीय," ती म्हणाली आणि मितूला त्याच्या मांडीवर ठेवलं. मग साध्याच आवाजात, रोजच्यासारखं म्हणाली, "चार्ज देते."

"घेतला," नवनाथ कागदावरून डोळे न काढता म्हणाला.

अप्पांचं कानातलं मशीन जेवणानंतर टेबलावर काढून ठेवलेलं होतं. तरी त्यांनी मान वर केली. बाकी जगातलं काही त्यांना ऐकू यायचं नाही, पण हे दोन शब्द यायचे.

अंजलीने साडी सावकाश बदलली. केस विंचरले. बाहेर आली आणि दिवाणाकडे न जाता खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

"तेजल," तिने हाक मारली, "फोन कर. उद्या सातला येतेय म्हणून सांग. जुन्या जागेवर."

ज्योत्स्ना खूश झाली. "म्हणजे वहिनी, तू सोडतेयस नोकरी."

"नाही. मी साडेनऊला शाळेत जाणार. जूनपासून नऊला."

"मग पोरीकडं?"

"यांनी चार्ज घेतलाय."

सगळ्यांनी दिवाणाकडे पाहिलं. मितूने भाषणाचा एक कोपरा तोंडात घातला होता.

"मी?" नवनाथ म्हणाला. "मी दोन मिनिटांसाठी घेतला. तू साडी बदलत होतीस म्हणून."

"दोन मिन्टांचा चार्ज नसतो," अप्पा म्हणाले. त्यांनी मशीन कानात घातलं होतं. "चार्ज घेतला का रिलीव्हर येईस्तोवर. तुला काय सांगायचं हे, नवनाथ? शेंबडं पोर हाय का तू?"

"अप्पा, पण हे बॉयलर नाही. लहान मूल आहे."

"मंग जास्तच."

"मला काय येतं त्यातलं? तिला दूध, लंगोट, झोपवायचं... पुरुष माणसाचं काम आहे का ते?" हे तो ज्योत्स्नाकडे बघून म्हणाला. बहीण आपल्या बाजूची, अशी त्याची खात्री होती. आतापर्यंत होतीही.

ज्योत्स्नाने पानाचा डबा बंद केला.

"दादा, मी अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. "बाईने दुधाचा चार्ज दिला, मी घेतला म्हटलं आणि खाली सागरगोटे खेळायला गेले. दूध उतू गेलं. किती दूध होतं? तांब्याभर. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना ते सांगितलंत तुम्ही लोकांनी. माझ्या पोराच्या लग्नात सांगितलंत. तू सांगितलंस, माईक घेऊन. आज उष्टावणात पण सांगशील म्हणून मी सकाळपासून धास्तीत होते." तिचा आवाज जरा चिरकला. "मला नव्हतं सोडलं कुणी. तुला बरं सोडतील."

नवनाथने आयुषकडे पाहिलं. आयुष मोबाइलमध्ये बघत होता.

"आयुष," तेजल म्हणाली, "मी पाचला येईन. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सहाला आई येतील. आठला त्यांच्याकडून तू घ्यायचा."

"मी? फिरती असली की?"

"असली की तू मला आधी सांगायचं आणि रिलीव्हर शोधून द्यायचा. तुला बढती मिळालीय ना, जबाबदार माणूस म्हणून."

आयुषने तोंड उघडलं. सासू, सून, आत्या तिघी त्याच्याकडे बघत होत्या. "बरं," तो म्हणाला. "घेतला."

तेजलने तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. उद्या येते, जुन्या जागेवर, सातला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, आया नाही. सासूबाई नोकरी करतात," तेजल म्हणाली. "आजोबा बघणार." ती ऐकत राहिली. "हो, तब्येत चांगली आहे त्यांची. का हो?"

फोन ठेवला. नवनाथ पोरीच्या तोंडातून भाषण सोडवत होता. एक ओळ निघून गेली होती. कुठली ते त्याला आठवेना.

ज्योत्स्नाची गाडी साडेचारची होती. तिला सोडायला आयुष गेला. घर शांत झालं. अंजलीने उरलेली खीर गरम करून दोन वाट्यांत घेतली, एक शकुबाईंना दिली आणि दुसरी घेऊन त्यांच्याजवळ बसली. खीर कोमट होती. गार होण्याआधी काही बसून खाल्ल्याचं तिला आठवत नव्हतं.

तेवढ्यात मितू रडायला लागली. साधं नाही, पोट दुखल्यासारखं, वरच्या पट्टीत.

"अंजली," नवनाथने हाक मारली. "अगं, ही बघ ना. हिला काहीतरी झालंय."

अंजली उठली. वाटी कधी खाली ठेवली तेही तिला कळलं नाही. पाय आपोआप दिवाणाकडे वळले होते.

"बस खाली," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ती रडतेय."

"मला बी ऐकू येतंय. तू कुठं ड्यूटीवर हाय? बस."

ती बसली. हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग पुन्हा ठेवले. दिवाणावर नवनाथने पोरीला आधी आडवं धरलं, मग उभं धरलं. मग चष्मा काढून बाजूला ठेवला, भाषण त्याच्याखाली ठेवलं आणि तो उठून फेऱ्या मारू लागला. जॉगिंग ट्रॅकवर मारायचा तशाच, दार ते गॅलरी, गॅलरी ते दार. चौथ्या फेरीला पोरीने ढेकर दिली. त्याच्या शर्टावर खीर आली. तो थांबला, शर्टाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागला. पोरगी गप्प झाली होती.

"भीती वाटते हो बाई," अंजली हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "असं बसून राहायची."

शकुबाईंनी खिरीचा चमचा तोंडात घातला आणि सावकाश गिळला. लग्नाआधी आणि लग्नानंतरही दोन वर्षं त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होत्या, कायम होण्याच्या बेतात होत्या. मग नवनाथ झाला.

"पुराच्या टायमाला ह्ये दीड दिस तिकडं हुबे होते," त्या म्हणाल्या. "रिलीव्हर आला नाय म्हनून साऱ्या एकलहऱ्यानं नावाजलं. सत्कार केला, नारळ दिला." त्यांनी काठी बाजूला सारली. "आन् मी ह्याला घिऊन घरात बसले, ती आजवर बसले. कुनी इचारलं बी नाय, का गं शकू, तुझा रिलीव्हर आला का."

अप्पांच्या कानात मशीन होतं. त्यांनी ऐकलं. पुष्कळ वेळ ते आपल्या बायकोकडे बघत राहिले. मग हातांवर जोर देऊन उठले, तिच्याजवळ आले आणि तिच्या हातातली रिकामी वाटी घेतली.

"दे," ते म्हणाले. "घेतला."

आणि वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यांना ती कुठे ठेवायची ते माहीत नव्हतं. आत उभ्या असलेल्या तेजलला त्यांनी विचारलं नाही. घासणी शोधत राहिले.